मेखेला बांधलेले तट्टू आणि इंग्लंडचा कायदा

इंग्लंडमधील सामाईक माळांवर आणि रस्त्याकडेच्या हिरवळीवर तट्टू मेखेला बांधून चारण्याची चाल जुनी असून, स्वतःची जमीन नसलेल्या फिरत्या समाजांना, विशेषतः जिप्सी कुटुंबांना, तिचा मोठा आधार होता. जमिनीत ठोकलेली मेख, साखळी आणि गळ्यातील रुंद पट्टा एवढाच सरंजाम तिला पुरतो. मात्र साखळीत फिरती कडी नसेल, तर पीळ पडत जाऊन ती आखूड होते, जनावराचे पाय तिच्यात गुंततात आणि जवळच ठेवलेल्या पाण्यापर्यंतही त्याचे तोंड पोहोचत नाही. १८२२ च्या, मार्टिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने घोड्यांना क्रूरपणे वागवणे गुन्हा ठरवले खरे, पण बांधण्याच्या रीतीची स्वतंत्र दखल कायद्याने घेतली ती थेट १९८८ मध्ये. २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने यातना होण्याची वाट न पाहता, जनावराच्या गरजा भागवण्याची जबाबदारीच पाळणाऱ्यावर टाकली.

२००८ नंतरच्या मंदीत घोड्यांचे भाव कोसळले आणि परक्याच्या जमिनीवर परवानगीविना जनावरे सोडण्याचे प्रकार वाढले. त्यावर आलेल्या २०१५ च्या कायद्याने, ताब्यात घेतलेल्या घोड्यावर मालकाने हक्क सांगण्याची मुदत १४ दिवसांवरून ९६ तासांवर आणली. त्यानंतर तो विकण्याची, दान करण्याची किंवा मारण्याचीही मुभा मिळाली, यावरून या कायद्याचा रोख तट्टाच्या सुखापेक्षा जमिनीच्या रक्षणाकडे अधिक होता, असे म्हणावे लागते.