पत्ता उजवीकडून वाचा

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांत येणाऱ्या पार्सलांवर 421302 हा पिनकोड दिसतो. पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झालेली. (वेलणकर संस्कृत कवीही होते, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.) हा आकडा डावीकडून उलगडतो: आधी मोठा विभाग, शेवटी टपाल कार्यालय.

वेबपत्त्यातलं नाव मात्र उलटं वाचायचं. 'शोधगंगा.इन्फ्लिबनेट.एसी.इन' घ्या. 'इन' म्हणजे भारत, 'एसी' शैक्षणिक संस्था, मग इन्फ्लिबनेट, आणि सगळ्यात शेवटी शोधगंगा. तिरक्या रेघेनंतर पुन्हा डावीकडून.

असं का? सुरुवातीला नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळायची. संगणक वाढले, यादी पुरेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी जबाबदारी वाटून टाकली: ज्याने त्याने आपापल्या खालची नावं सांभाळायची. दिल्लीला पूर्ण्यातली घरं ठाऊक असायची गरज नाही, तसंच.

'.इन' 1989 चं. ते आधी मुंबईत, जुहूच्या एनसीएसटीकडे होतं. 2005 मध्ये नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. देवनागरी '.भारत' आलं 27 ऑगस्ट 2014 ला. त्यात मराठीही आहे, पण खरी गंमत पुढे आहे. यंत्रणेला आतून अजूनही रोमन अक्षरंच लागतात. म्हणून '.भारत' आत जाताना 'एक्सएन--एच2बीआरजे9सी' होतं. आपली लिपी दारावरच्या पाटीपुरती! मला हे खटकतं, पण जुनी यंत्रणा न मोडता नवी लिपी आत घ्यायचा दुसरा सोपा मार्गही दिसत नाही.

तिरक्या रेघेनंतरचा हिशोब वेगळा. तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसकट 9 रोमन चिन्हांचं होतं. 'भारत' मध्ये भ, काना, र, त अशी 4 चिन्हं, म्हणजे 36. मराठी विकिपीडियाची लिंक संदर्भसूचीत चिकटवली की तीन ओळी का खाते, ते आता कळलं असेल.

प्रबंधाचा संदर्भ देताना शोधगंगेवर 10603 ने सुरू होणारा कायमचा क्रमांक मिळतो, तो द्या. संकेतस्थळ उद्या दुसऱ्या सर्व्हरवर गेलं, तर ब्राउझरमधून उचललेली लिंक मरू शकते. या क्रमांकामागचा पत्ता मात्र बदलून ठेवता येतो.