सावकाराची पत आणि शिबंदीची तलवार

१९९१ साली आपल्या देशाने आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून ‘मुक्त बाजारपेठ’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. सरकारने मध्ये पडू नये, व्यापार आपल्या नियमांनी आपोआप सुरळीत चालतो, असे मत हिरीरीने मांडले जाते. या मताची परीक्षा पाहण्यासाठी बडोदेकरांना फार दूर जावयास नको. आपल्याच जुन्या शहरातील सावकारी पेढ्यांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

हरिभक्ती, सामळ बेचर यांसारख्या पेढ्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्यात नावारूपास आलेल्या होत्या. सावकारा-सावकारांतील व्यवहाराला शिपाई लागत नसे. हुंडी न सकारली की पेढीची पत जाई, आणि पत गेलेल्याशी महाजन व्यवहार करीत नसत. एवढा धाक पुरे होता. मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे इथवर खरे आहे.

परंतु ऋणको स्वतः राजाच असेल तर? गायकवाड सरकारला शिबंदीचा पगार भागविण्यासाठी वारंवार कर्ज काढावे लागे. सरकारने पैसे बुडविले तर फिर्याद कोठे करावयाची? यावर तोडगा निघाला तो ‘बहांदरी’चा, म्हणजे हामीचा. सरकार वचन पाळील अशी हामी लष्करातील अरब जमादार घेत. ज्यांच्या पगारापायी कर्ज होई, तेच त्या कर्जाचे जामीन! सावकाराचा विश्वास राजमुद्रेपेक्षा जमादाराच्या तलवारीवर अधिक होता. मात्र जो हामी देतो तो हळूहळू धनी होतो. अरबांच्या मर्जीशिवाय दरबाराचे पान हलेनासे झाले.

१८०० साली गोविंदराव महाराज निवर्तले आणि आनंदराव गादीवर आले. घरातील कलह व कडीच्या मल्हाररावांचे बंड यांमुळे दिवाण रावजी आपाजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीची मदत घेतली. १८०२ साली करार झाले व मेजर वॉकर रेसिडेंट म्हणून आले. खर्च कमी करण्यासाठी अरब शिबंदीला रजा देण्याचे ठरताच अरबांनी शहर ताब्यात घेतले, प्रत्यक्ष महाराजांनाही अडकवून ठेवले. डिसेंबर १८०२ मध्ये कंपनीच्या फौजेने वेढा घातला आणि सुमारे दहा दिवसांनी अरब शरण आले. त्यांनी दिलेल्या हाम्यांची जबाबदारी आता कंपनीने पत्करली. हामी राहिली, हामीदार बदलला.

सावकारांना हा बदल रुचला असल्यास नवल नाही, कारण नवा हामीदार अधिक बलवान होता. किंमत मात्र राज्याने मोजली. १८०५ च्या तहाने कंपनीचे ३००० पायदळ व तोफखाना पदरी बाळगावा लागला आणि त्यासाठी ११ लक्ष ७० हजार उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. कर्ज तरीही फिटले नाही. १८२० च्या सुमारास ते कोटीच्या वर होते. सावकारांचे पैसे द्यावेत म्हणून १८२८ साली मुंबई सरकारने दुसऱ्या सयाजीरावांचे काही महाल जप्त केले. १८३२ साली लॉर्ड क्लेअर बडोद्यास आले, महाराजांनी सावकारांशी परस्पर तडजोड केली, तेव्हा ती जप्ती उठली. पेढी सुरक्षित राहिली, पण तिच्या रक्षणासाठी राजाच्या स्वातंत्र्याचा लचका तुटला.

तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळी या प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. संस्थानचे कायदे ‘आज्ञापत्रिके’त छापून प्रसिद्ध होऊ लागले. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, ती १८९७ च्या कंपनी कायद्याखाली व १० लक्ष रुपयांच्या भांडवलावर. १९१३ ते १९१७ या काळात हिंदुस्थानात ८७ बँका बुडाल्या. आपली बँक तरली. त्यात चालकांचे शहाणपण होतेच. परंतु नुसत्या स्पर्धेवर सोडलेल्या ठेवीदाराची काय गत होते, हेही त्या ८७ बँकांनी दाखविले. बँकांवर देखरेख ठेवणारी रिझर्व्ह बँक १९३५ साली आली, आणि बँकिंगचा सर्वंकष कायदा १९४९ साली झाला.

तेव्हा बाजारामागे बळ असावे की नसावे, हा वाद मला व्यर्थ वाटतो. कायद्यामागेही शेवटी पोलीस व जप्तीचा बेलिफ उभा असतोच. बडोद्याचा बाजार तलवारीवाचून कधी चालला नाही. केवळ ती कोणाच्या हाती, एवढेच बदलत गेले. खरा प्रश्न तो हात कोणाला जबाबदार आहे, हा होय. जमादार कोणालाच जबाबदार नव्हता. कंपनी लंडनला होती, बडोद्याच्या रयतेला नव्हती. छापील कायदा मात्र सामान्य माणूस वाचू शकतो व त्याबद्दल जाब विचारू शकतो. असा जाब विचारणारा वाचक घडविणे हेच ग्रंथालयाचे काम. शंभर वर्षे ते अखंड चालले, याचे मोल कोणत्याही पेढीच्या पतीहून कमी नाही.