वनस्पतींचा श्वास आणि डॉ. कमला सोहोनी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्याच्या बाजारात सुगीच्या दिवसांत तूर, मूग, उडीद यांची पोती उतरू लागतात. डोंगरातील भिल्ल व पावरा कुटुंबांच्या ताटात ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि असलीच तर डाळीची वाटी, एवढाच थाट. दुधातुपाची चैन तेथे फारशी नाही. मुलांनी वाढावयाचे ते या वाटीभर डाळीवर. अशा वाटीत नेमके काय असते आणि त्यातील अंगी किती लागते, हे ज्या विदुषीने प्रयोगशाळेत शोधले, त्या डॉ. कमला सोहोनी यांचे नाव मात्र बहुधा एका भांडणापुरतेच घेतले जाते.

ते भांडण असे. कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदुरास झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कन्येनेही तीच वाट धरली; परंतु संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तिचा अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळुरास जाऊन त्यांच्या कचेरीपुढे ठाण मांडून बसल्या. काळच सत्याग्रहाचा होता! अखेर, पहिले वर्ष परीक्षेचे समजावयाचे आणि काम संचालकांच्या पसंतीस उतरले तरच पुढे राहावयाचे, अशा अटींवर प्रवेश मिळाला. वर्ष सरले, काम पसंतीस उतरले, आणि तो दरवाजा पुढील मुलींसाठीही उघडला. रामन यांची थोरवी यामुळे उणी होत नाही. पण त्या थोरवीने ही चूक झाकलीही जात नाही.

लोकांस दरवाजा आठवतो. आत गेल्यावर बाईंनी काय केले, हे कोणी पुसत नाही. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला, १९३६ साली एम.एस्सी. झाल्या आणि केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा भरात होती. प्रथम डेरेक रिक्टर आणि मागाहून रॉबिन हिल यांच्या सहवासात त्यांचे काम चालले.

हिल यांच्या विषयाची थोडी फोड करावयास हवी. खाल्लेले अन्न पेशीत एकदम भडकून जळत नाही, ते पायरीपायरीने जळते. विहिरीवर बायका रांगेने उभ्या राहून घागरी हातोहात पुढे देतात, तद्वत् पेशीत लोहयुक्त द्रव्यांची एक रांग असून ती इलेक्ट्रॉन हातोहात देत अखेर प्राणवायूपर्यंत पोचविते. या द्रव्यांस डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम हे नाव दिले. स्नायूंत व किण्वात ती वर्णपटावरील काळ्या पट्ट्यांवरून ओळखता येत. हिरव्या पानात मात्र हरितद्रव्याचा रंग आड येतो. बटाटा जमिनीखाली वाढतो, त्यास ही अडचण नाही. कमलाबाईंनी बटाटा घेतला आणि त्यात सायटोक्रोमचा मागोवा घेतला. फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी हिल व भागवत यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात आले. प्रबंध अवघा चाळीसेक पृष्ठांचा होता. त्याच वर्षी त्यावर डॉक्टरेट मिळाली. म्हणजे माणसाच्या स्नायूत जो श्वास चालतो, त्याच जातीचा श्वास भाजीच्या टोपलीतील बटाट्यातही चालतो! पुढे याच सायटोक्रोमची घडण निरनिराळ्या जीवांत ताडून पाहून १९६७ साली फिच व मार्गोलियाश यांनी वीस जातींची वंशावळ मांडली. मनुष्य व चिंपांझी यांच्या सायटोक्रोम-सी मधील १०४ दुवे एकसारखेच निघाले.

१९३९ सालीच कमलाबाई मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची आहारसंशोधनशाळा, १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह आणि त्यानंतर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तेथे त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या, हे विशेष. वालासारख्या दाण्यांत प्रथिने भरपूर असली तरी आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक द्रव्यास अडविणारा एक पदार्थही त्यांतच असतो. किडीपासून बचाव व्हावा म्हणून बीजाने केलेली ही तजवीज. हिंदी अन्नपदार्थांतील या अडसराविषयीचे त्यांचे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. उष्णतेने हा अडसर बव्हंशी मोडतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून चांगले शिजवावेत, हा आजीबाईंचा दंडक रसायनशास्त्रासही मान्यच करावा लागतो.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचीही परीक्षा केली. ताजी नीरा सूर्य वर येताच आंबू लागते आणि तिची ताडी होते. परंतु वेळीच घेतल्यास तीत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांस आढळले. आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना ती दिल्याने प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. संस्थेच्या संचालिकेचे पद मात्र बरेच उशिरा वाट्यास आले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत रमल्या, अन्नातील भेसळ ओळखण्यासंबंधी ‘कीमत’ या तिच्या पत्रिकेत लिहीत राहिल्या आणि १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षा झाल्या. १९९८ च्या जून महिन्यात त्या निवर्तल्या. त्याच वर्षीच्या १ जुलैस धुळे जिल्ह्यातून नवा नंदुरबार जिल्हा निघाला आणि तळोदे त्यात गेले.