उजनीच्या माशात अळी दिसली, तर मासा खायचा की टाकायचा?

भिगवणहून आणलेला मासा साफ करताना मांसात तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी गाठ दिसली, की बारामती-इंदापुरातल्या घरात पहिला प्रश्न येतो: मासा खराब आहे का? एक-दोन गाठी असतील, तर सहसा नाही. गाठी कापून काढाव्यात, मासा पूर्ण शिजवावा.

गोड्या पाण्यातल्या माशांत जगभर आढळणारी पिवळी अळी म्हणजे क्लिनोस्टोमम नावाचा चपटा कृमी. वाढलेला कृमी बगळ्यासारख्या पक्ष्याच्या तोंडात आणि घशात राहतो. त्याची अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली पिल्लं आधी पाणगोगलगायीत शिरतात, मग तिथून बाहेर पडून माशात घुसतात आणि गाठ करून बसतात. तो मासा बगळ्यानं गिळला की फेरा पूर्ण! उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावला गोगलगायी, मासे आणि बगळे तिन्ही एकत्र नांदतात. म्हणजे गाठ दिसली म्हणून विक्रेत्यानं शिळा माल दिला, असं होत नाही.

माणसाला याचा त्रास क्वचितच होतो, तोही कच्चा मासा खाल्ल्यावर. जपान-कोरियात अशा रुग्णांच्या घशात अळी सापडली आहे.

मरळीबाबत मात्र जास्त जपावं. तिच्या मांसात ग्नॅथोस्टोमा या कृमीची अळी असू शकते. ती कच्च्या मांसातून पोटात गेली, तर कातडीखाली फिरते, कधी डोळ्यात किंवा मेंदूतही पोचते. लिंबू, मीठ, तिखट लावून मुरवल्यानं ती मरेलच असं नाही. तुकडा मधोमध किमान ६३ अंश सेल्सिअस तापला पाहिजे. कालवणात ते सहज होतं. जाड तुकडा मोठ्या आचेवर घाईनं तळला, तर वरून कुरकुरीत आणि आतून कच्चा राहतो. गोठवायचं तर उणे २० अंशांवर सात दिवस लागतात, आणि घरचे बरेच फ्रीजर तेवढे थंड नसतात.

शेततळ्यातल्या रोहू-कटल्याच्या अंगावर चिकटलेली चपटी 'माशाची ऊ' माणसाला लागत नाही. तिचा फटका बसतो तो तळेवाल्याला.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत येतं, तो प्रश्न वेगळा. शिजवल्यानं अळी मरते, पण पाण्यातून माशात आलेले जड धातू जात नाहीत. मासा सडका आहे की नाही, हे मात्र अळीवरून ठरवू नये. कल्ले तपकिरी, डोळे खोल गेलेले, बोट दाबल्यावर खळगा तसाच राहिलेला आणि उग्र वास, असा मासा अळी नसली तरी घेऊ नये.