सूतिकेचा दीड महिना

प्रसूति सुखरूप झाली, पेढे वांटले गेले, म्हणजे जिवावरचें संकट टळलें असें आपण समजतों. वैद्यकाचा इतिहास मात्र निराळें सांगतो. बाळंतिणीवर घाला पुष्कळदां त्यानंतरच्या दिवसांत पडत आला आहे. सुश्रुतानें दीड महिन्यापर्यंत स्त्रीला ‘सूतिका’ मानलें आणि तितके दिवस तिच्या आहारविहारास नियम घातले. आधुनिक शास्त्रही ही मुदत सहा आठवड्यांची धरतें. शेक, धुरी, डिंकाचे लाडू यांच्या रूपानें आपल्या घरांनीं ती परंपरा राखली. परंतु सोयराचे दहा दिवस बाळंतीण ज्या अंधाऱ्या खोलींत काढी, तेथें तिला ताप भरला तर त्याचा अर्थ वेळींच ओळखणारें बहुधा कोणी नसे.

इस्पितळांत तरी ती सुरक्षित होती काय? व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळांत दोन प्रसूतिविभाग होते. १८४६ सालीं सुइणींच्या विभागांत शेंकडा २.८ स्त्रिया दगावल्या, तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागांत शेंकडा ११.४! शवच्छेदन करून आलेले हातच सूतिकाज्वर नेतात, हें डॉ. सेमेल्वाइस यांनीं ताडलें व १८४७ च्या मे महिन्यांत क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. १८४८ सालीं त्याच विभागांतील प्रमाण शेंकडा १.३ वर आलें. तरीही आपलेच हात दोषी होते, हें त्यांच्या अनेक व्यवसायबंधूंच्या गळीं उतरलें नाहीं.

हात निर्मळ झाले, तरी नजर नियमित व्हावयाची राहिली होती. इंग्लंडांत १९०२ च्या कायद्याखालीं झालेल्या नियमांनीं सुइणीवर दहा दिवस बाळंतिणीची जबाबदारी टाकली. प्रत्येक खेपेस नाडी व ताप पाहणें तिला भाग पडलें.

आज आपल्याकडे, रुग्णालयांत प्रसूत होऊन घरीं आलेल्या स्त्रीकडे आशा कार्यकर्तीनें ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं जावें, असा सरकारी नियम आहे. सुश्रुताची मुदत जवळजवळ पुरी भरली, हें आम्हांस कौतुकाचें वाटतें. मात्र योजना ओळखली जाते ती नवजात बालकाच्या नांवानें. बारशानंतर घरचीं माणसेंही पाळण्यापाशींच जमतात. बाळ कसें आहे, हें विचारण्यापूर्वीं त्याच्या आईस ताप, अतिरक्तस्राव, तीव्र डोकेदुखी वा मनाची खिन्नता नाहीं ना, एवढें विचारण्यास वैद्य लागत नाहीं. उत्तर होकारार्थी आल्यास मात्र त्याला बोलावण्यास क्षणाचाही विलंब होतां कामा नये.