एक शेअर की अनेकांची मोट?

चार पैसे शिल्लक पडले की ते एखाद्या कंपनीच्या शेअरात घालावेत, की म्युच्युअल फंडाच्या हवाली करावेत, हा प्रश्न आता खेड्यातल्या मास्तरांनाही पडतो. मुंबईचा इतिहास याबाबत बरेच काही सांगतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग काय, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी! समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. समुद्र मात्र अजून जागच्या जागीच होता, बरं का. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला. वायद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ रोजी चुकता व्हायचा होता. त्या दिवशी देणेकऱ्यांच्या हाती उरले होते नुसते कागद. प्रेमचंद बुडाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

एकाच कागदावर सारा संसार लावू नये, म्हणून पुष्कळांचा पैसा एकत्र करून तो अनेक ठिकाणी विभागण्याची कल्पना १८६८ मध्ये लंडनला आकारास आली. आपल्याकडे तिला १९६४ साल उजाडावे लागले. युनिट ट्रस्टने १ जुलैलाच (तारीख पाहा!) दहा रुपयांची युनिटे विकावयास काढली. एक कंपनी बसली तरी बाकीच्या सावरून धरतील, हा त्यातला हिशेब. आणि ज्याला ताळेबंद वाचायला सवड नाही, त्याला माझ्या मते हाच मार्ग बरा.

पण डोळे मिटून नव्हे. या योजनेच्या युनिटाचा भाव ट्रस्ट स्वतः ठरवी. आतल्या शेअरांच्या खऱ्या किमतीशी त्याचा मेळ राहिलाच असे नाही. बाजार घसरला, मोठे गिऱ्हाईक आधी बाहेर पडले, आणि जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांपुरती बंद झाली. निवृत्तिवेतनाचा पैसा त्यात ठेवलेल्यांनी काय करावे? अखेर सरकारला मध्ये पडावे लागले, आणि २००३ मध्ये ट्रस्टचे दोन तुकडे झाले. आता फंडांना युनिटाचे खरे मूल्य कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करावे लागते.