पर्पेटुआ व फेलिसिटी, संत
(मृत्यू : ७ मार्च २०३). उत्तर आफ्रिकेतील कार्थेज (सध्याच्या ट्युनिशियात) येथील ख्रिस्ती रक्तसाक्षी. व्हिबिया पर्पेटुआ ही कुलीन घराण्यातील, सुमारे बावीस वर्षांची, तान्ह्या मुलाची आई. फेलिसिटी ही गुलाम व गरोदर. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, बाप्तिस्म्याची तयारी करत असताना, त्यांना काही सोबत्यांसह अटक झाली. त्यांचा शिक्षक सॅट्युरस पुढे आपण होऊन स्वाधीन झाला.

पर्पेटुआने तुरुंगात लिहिलेली लॅटिन दैनंदिनी ही ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध लेखनांपैकी एक. तीत कोठडीतला काळोख, दुधासाठी कासावीस झालेले बाळ आणि पडलेली स्वप्ने आहेत. सर्वांत हृदयद्रावक आहेत ते तिच्या वृद्ध, ख्रिस्ती नसलेल्या वडिलांचे प्रसंग : त्यांनी विनवण्या केल्या, तिचे हात चुंबले, पाय धरले. त्यांच्या दुःखाने ती कळवळली. तरीही सम्राटासाठी यज्ञ करण्यास तिने नकार दिला. तिची श्रद्धा निर्विकार नव्हती, आणि म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

गरोदर स्त्रीला देहदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई होती. सोबत्यांपासून आपली ताटातूट होईल, ही फेलिसिटीची चिंता होती. मात्र आठव्या महिन्यातच ती तुरुंगात प्रसूत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती स्त्रीने वाढवली. राजपुत्र गेटाच्या वाढदिवसाच्या खेळांत दोघींवर पिसाळलेली गाय सोडण्यात आली व शेवटी तलवारीने त्यांचा वध झाला. पुढे संत ऑगस्टीनने त्यांच्या स्मृतिदिनी प्रवचने दिली. कॅथलिक पंचांगात त्यांचा सण ७ मार्चला असतो.